घरी सोडल्यानंतर : व्यवसायोपचार आणि लोकसमूहाचे आरोग्य

कोणत्याही रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांचे एक कोष्टक असतेच. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती जणांना दाखल करून घेतले, शस्त्रक्रिया किती झाल्या, प्रसूती किती, मृत्यू किती आणि बरे होऊन घरी गेलेले किती. देणगीदार आणि हितचिंतक यांची नजर बहुधा या शेवटच्या रकान्यावर स्थिरावते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र 'बरे होऊन घरी' या तीन शब्दांनंतर काय घडते, ते या कोष्टकातून कळत नाही.

पाचगणीच्या परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. खिंगर, गोडवली, दांडेघर, आंब्रळ, ताईघाट यांपैकी कोणत्याही गावातले. घर उतारावर, अंगणात शिरण्यापूर्वी चार-पाच दगडी पायऱ्या, दाराला उंच उंबरा, मोरी घराच्या मागील बाजूस आणि शौचालय त्याहून थोडे दूर. पावसाळ्यात तांबडी माती निसरडी होते. साठी उलटलेल्या एका बाईंना पक्षाघात झाला, वेळीच उपचार मिळाले, जीव वाचला, रक्तदाब आटोक्यात आला, उजवा हात थोडा हलू लागला आणि त्यांना घरी सोडण्यात आले, असे समजू. आता त्यांना तांब्याने पाणी ओतून घेता येईल का? लुगडे नेसता येईल का? रात्री उठून पायऱ्या उतरता येतील का? भाकरी थापता आली नाही, तर निदान बसल्या जागी भाजी निवडता येईल का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर रुग्णालयाच्या लेखी बऱ्या झालेल्या या बाई घरात एका कोपऱ्याला बसतात. त्यांच्यासाठी सुनेला किंवा नातीला मजुरी वा शाळा सोडावी लागते. काही महिन्यांत त्या पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि त्या पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. कोष्टकात तेव्हा त्यांची गणना नवीन रुग्ण म्हणून होते.

वैद्यकाच्या ज्या शाखेचे काम या प्रश्नांपासूनच सुरू होते, तिला व्यवसायोपचार म्हणतात. हे नाव थोडे दुर्दैवी आहे. 'व्यवसाय' म्हटले की आपल्याला नोकरीधंदा आठवतो, त्यामुळे अपंगांना काम मिळवून देणारा हा विभाग असावा, असा अनेकांचा समज होतो. इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन 'ओटी' म्हणावे, तर रुग्णालयात त्याचा अर्थ शस्त्रक्रियागृह असा होतो आणि रुग्णाचे नातेवाईक घाबरतात. वस्तुतः संस्कृतात 'व्यवसाय' म्हणजे निश्चयपूर्वक केलेला प्रयत्न, उद्योग. अंघोळ करणे, जेवणे, लिहिणे, गुरांना वैरण घालणे, नातवंडाला मांडीवर घेणे, देवपूजा करणे, हे सारे या अर्थाने व्यवसायच होत. भौतिकोपचारतज्ज्ञ स्नायू आणि सांधे यांची शक्ती वाढवितो. ती शक्ती रोजच्या कृतीत कशी उतरेल हे व्यवसायोपचारतज्ज्ञ पाहतो, आणि ती उतरत नसेल तर कृतीची रीत, हातातील साधन किंवा घराची रचना बदलतो. या दोन शाखांची हद्द काटेकोरपणे आखता येत नाही, आणि तशी ती आखण्याची गरजही नाही.

पाचगणीकरांना ही कल्पना परकी वाटू नये, कारण या शाखेचा उगम क्षयरोगाच्या इतिहासाशी निगडित आहे आणि तो इतिहास या गावाचाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांनी सुमारे सव्वाचार हजार फूट उंचीवरील ही जागा वसविली. महाबळेश्वरच्या धुवाधार पावसाच्या मानाने येथील हवा कोरडी आणि सौम्य. औषध उपलब्ध नव्हते, त्या काळात क्षयरोग्याला हवा, अन्न आणि विश्रांती एवढेच देता येत असे. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' हे आरोग्यधाम सुरू केले. पुढे ते भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे आले आणि नंतरच्या काळात एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेसाठीही ओळखले जाऊ लागले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाने वसलेल्या वानलेसवाडीतही क्षयरोग्यांचे असेच आरोग्यधाम उभे राहिले.

आरोग्यधामांपुढे एक अडचण सर्वत्र सारखीच होती. महिनोन्महिने आरामखुर्चीवर पडून राहिलेला रुग्ण, ताप उतरला आणि वजन वाढले तरी, बाहेर पडल्यावर कामाला निरुपयोगी ठरत असे. लंडनजवळच्या फ्रिमली येथील आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी १९०५ नंतर यावर एक उपाय योजला. रुग्णाने आधी ठरावीक अंतर चालावयाचे, मग मातीची टोपली वाहावयाची, मग लहान फावडे, पुढे मोठे फावडे आणि शेवटी कुदळ. ताप आला की एक पायरी मागे यावयाचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी क्षयरोग्यांचे एक गावच वसविले. तेथे रुग्ण आपल्या कुटुंबासह राहत आणि झेपेल एवढे काम वेतन घेऊन करीत. अमेरिकेत जॉर्ज बार्टन या वास्तुरचनाकाराला क्षयाने गाठले. पुढे त्याचा एक पाय अंशतः कापावा लागला आणि एक बाजू लुळी पडली. त्याने १९१४ मध्ये स्वतःच्या घरातच आपल्यासारख्यांसाठी कार्यशाळा सुरू केली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१७ मध्ये व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. या विद्येच्या संस्थापकांपैकी एक जण असा स्वतःच रुग्ण होता. पायऱ्या, दारे आणि बैठकीची उंची यांचा विचार तो वास्तुरचनाकाराच्या सवयीने करीत असणार, असे मला नेहमी वाटते.

आरोग्यधामांचे युग संपले ते मात्र औषधांमुळे, आणि भारतात झालेल्या एका अभ्यासामुळे. मद्रास येथील क्षयरोग औषधोपचार केंद्रात १९५६ पासून झालेल्या या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांचे निकाल आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीस तोड आले आणि त्यांच्या कुटुंबीयांना होणाऱ्या संसर्गातही वाढ आढळली नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयरोगाचा उपचार खाटेवरून वस्तीत आला. एका रुग्णाचा विचार सोडून सबंध लोकसमूहाचा विचार करणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

या स्थित्यंतरात एक गोष्ट मात्र मागे राहिली. गोळ्या घरोघरी पोहोचल्या, परंतु फावडे आणि टोपलीची ती चढती शिडी घरी आली नाही. आज क्षयरोगाचा उपचार पूर्ण झालेल्या अनेकांच्या फुप्फुसांना कायमची इजा झालेली असते. थुंकीत जंतू नसतात, नोंदवहीत 'उपचार पूर्ण' असे लिहिलेले असते आणि माणूस चढ चढताना दर वीस पावलांवर थांबत असतो. श्वास वाचवून काम कसे करावे, पाण्याची घागर एकदम न उचलता कळशीने दोन फेऱ्या का कराव्यात, कोणते काम बसून करावे आणि कोणते सकाळीच उरकावे, हे त्याला कोणी सांगत नाही. डोंगरावर राहणाऱ्याला हे सांगणे औषधाइतकेच आवश्यक आहे.

भारतात ही विद्या आणली कमला निंबकर यांनी, आणि सातारा जिल्ह्याशी त्यांच्या कुटुंबाचे नाते आहे. मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथीय घरातील एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि भारतात त्या कमला झाल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण अमेरिकेत घेऊन त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये या विषयाची भारतातील पहिली शाळा सुरू केली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९५२ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता तो त्यांच्यामुळेच. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी फलटणला आपले कार्यक्षेत्र केले आणि तेथे १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. फलटणमधील 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा जिल्ह्यातील शिक्षकांना चांगली परिचित आहे. ती ज्यांच्या नावे आहे त्या बाईंनी देशात एक वैद्यकीय शाखा रुजविली, हे मात्र डॉक्टर मंडळींतही फार थोड्यांना ठाऊक असते.

के.ई.एम.मध्ये रुजलेली ही शाखा पुढे बरीचशी मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांतच राहिली. रुग्ण तिच्याकडे यावयाचा, ती रुग्णाकडे क्वचितच जावयाची. लोकसमूहाच्या आरोग्यात तिची भूमिका काय, हा प्रश्न येथूनच उभा राहतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उत्तर मला कुष्ठरोगाच्या बाबतीत दिसते.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेची मोठी परंपरा आहे. मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरुग्णालय हे आपल्या शेजारचेच उदाहरण. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे जंतू निश्चितपणे मरतात. त्या उपचाराच्या बळावर २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. परंतु हे प्रमाण मोजले जाते ते उपचार चालू असलेल्या रुग्णांचे. ठरलेली मुदत पूर्ण झाली की रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होते. त्याच्या हातातील बधिरता मात्र नाव कमी झाले म्हणून जात नाही. मज्जातंतू एकदा मेला की तळहाताला ऊन-गार कळत नाही, टोचलेले कळत नाही, पकड किती घट्ट झाली तेही कळत नाही. स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा, तव्याची कड, खुरप्याची खडबडीत मूठ, यांतून जखमा होतात. वेदना नसल्यामुळे काम थांबत नाही, जखम चिघळते आणि बोटे झडतात. बोटे रोगाने गळून पडतात, असा लोकांचा समज आहे. वास्तविक ती रोजच्या कामात झालेल्या आणि न जाणवलेल्या जखमांनी जातात.

येथे औषध अपुरे पडते आणि व्यवसायोपचार उपयोगी पडतो. खुरप्याच्या मुठीला कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड आणि मऊ करणे, पेल्याला लाकडी किंवा कापडी वेष्टण घालणे, चुलीवरचे भांडे सांडशीशिवाय न उचलण्याची सवय लावणे, रोज रात्री दिव्याखाली दोन्ही हात न्याहाळून लालसर डाग कोठे आहे ते शोधणे. या उपायांना पैसा जवळपास लागत नाही. लागतो तो रुग्णाच्या घरी जाऊन त्याची हत्यारे, त्याची चूल आणि त्याची कामाची पद्धत पाहणारा माणूस. नव्या रुग्णांची संख्या घटली तरी जुने बधिर हात पुढील कित्येक वर्षे आपल्या गावांत राहणार आहेत. रुग्णसंख्या कमी झाली म्हणून त्यांच्याकडे लक्ष देणारी यंत्रणाही कमी झाली, तर त्या हातांची बोटे आपल्या डोळ्यांदेखत जातील आणि कोणत्याही तक्त्यात ती दिसणार नाहीत.

हातांच्याच बाबतीत आणखी एक उदाहरण शेतीतले. कडबाकुट्टी यंत्रात बोटे किंवा पंजा गमावलेली माणसे पशुपालन करणाऱ्या प्रत्येक भागात आढळतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, व्यवसायोपचारतज्ज्ञ स्प्लिंट बनवून देतात, उरलेल्या बोटांनी पकड शिकवितात. हे आवश्यकच आहे. पण दिल्लीच्या आयआयटीतील अभ्यासकांनी उत्तर भारतातील गावांत या अपघातांचा अभ्यास करून यंत्राच्या पात्याला आणि वैरण ढकलण्याच्या मुखाला संरक्षक योजना सुचविल्या. एक हात दुरुस्त करणे आणि शंभर हातांना इजाच होऊ न देणे, ही दोन्ही कामे एकाच विचाराची आहेत. दुसऱ्या कामाला रुग्ण नसतो, त्यामुळे रुग्णालयाच्या हिशेबात ते बसत नाही, एवढाच काय तो भेद.

पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर अशा विचाराला सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे स्ट्रॉबेरीची शेती. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शेकडो कुटुंबांचे घर या पिकावर चालते. फळ जमिनीलगत, गादीवाफ्यावर. तोडणी पहाटेच्या थंडीत, कमरेत वाकून किंवा उकिडवे बसून, बहुतांशी स्त्रियांच्या हातून. भरलेले क्रेट उचलून बांधापर्यंत न्यावयाचे. हंगाम संपत आला की कंबर, गुडघे आणि मनगट यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि वेदनाशामक गोळी हाच त्यांचा रूढ उपाय असतो. सतत घेतलेल्या अशा गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला अपाय करतात, हे येथे नमूद केले पाहिजे. गादीवाफ्याची उंची थोडी वाढविणे, वाकण्याऐवजी बुटक्या चाकांच्या पाटावर बसून तोडणी करणे, क्रेट अर्धेच भरणे किंवा दोघींनी मिळून उचलणे, तासातासाने कामाची बाजू बदलणे, यांपैकी काय आपल्या उतारावरच्या शेतात जमेल आणि काय नाही, हे कागदावर ठरत नाही. त्यासाठी तज्ज्ञाने तोडणीच्या वेळी शेतात उभे राहावयास हवे, आणि त्या बायकांनी जे आधीच शोधून काढले आहे तेही शिकून घ्यावयास हवे.

वृद्धांच्या बाबतीत मात्र केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण नाही. अमेरिकेत लॉस एंजलिस येथे स्वतंत्रपणे राहणाऱ्या, साठ वर्षांवरील ३६१ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या व्यक्ती विशेष आजारी नव्हत्या. त्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला नऊ महिने व्यवसायोपचारतज्ज्ञांनी मार्गदर्शन केले. आपला दिवस कसा जातो, त्यात आपल्याला महत्त्वाचे काय वाटते, ते करण्यात कोणती अडचण येते आणि ती कशी दूर करता येईल, असे त्याचे स्वरूप होते. दुसऱ्या गटासाठी केवळ गप्पा, खेळ, सहली असे करमणुकीचे कार्यक्रम ठेवले. तिसऱ्या गटासाठी काहीच केले नाही. पहिल्या गटाची शारीरिक क्षमता, मानसिक स्वास्थ्य आणि जीवनातील समाधान इतरांहून चांगले राहिले. विशेष म्हणजे करमणुकीच्या गटाला काहीच न मिळालेल्या गटाच्या तुलनेत फायदा झाला नाही. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी काही करावयाचे म्हटले की भजन, सहल आणि सत्कार एवढ्यावर आपण थांबतो. त्यांत गैर काही नाही. पण त्या अभ्यासावरून पाहता, माणसाला गुंतवून ठेवणे आणि त्याला स्वतःची कामे करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आरोग्याला लाभ होतो तो दुसरीचा.

शाळांचा उल्लेख केल्याशिवाय पाचगणीविषयीचा कोणताही लेख पुरा होत नाही. येथील निवासी शाळांत देशभरातून मुले येतात. शिवाय नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेतच. ज्या मुलाला पेन्सिल नीट धरता येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, ते बहुधा आळशी ठरते. त्यातील काहींना मदतीची गरज असते आणि ती लवकर मिळाल्यास उपयोग होतो. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कायद्याच्या दृष्टीने परिस्थिती पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. महाराष्ट्राने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषद स्थापन करण्याचा कायदा २००२ मध्येच केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने व्यवसायोपचारासह संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणाला आणि व्यवसायाला एक चौकट दिली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणतीस लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना आठच प्रकारांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे खरी गरज याहून अधिक असणार हे उघड आहे. तरीही गावाला सर्वांत जवळ असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या पदांत व्यवसायोपचारतज्ज्ञ नसतो. ही उणीव केवळ पदे मागून भरून निघणार नाही, कारण तेवढे तज्ज्ञच देशात नाहीत. म्हणून तज्ज्ञाने स्वतः प्रत्येक रुग्णाला हाताळण्याऐवजी आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळेतील शिक्षक आणि घरातील माणूस यांना शिकविणे, हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

धर्मादाय रुग्णालयाला याबाबतीत एक सोय आहे. खाजगी रुग्णालयाला प्रत्येक भेटीचे देयक करावे लागते, आणि शासकीय यंत्रणेला मंजूर पदाबाहेर जाता येत नाही. विश्वस्त संस्थेला मात्र देणगीदारांच्या संमतीने, ज्याचे देयक करता येत नाही असेही काम हाती घेता येते. त्या दृष्टीने विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ काही सूचना येथे मांडतो. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, अंगच्छेद, कुष्ठरोगातील बधिरता आणि क्षयरोगानंतरची धाप, या पाच कारणांनी दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या घराची माहिती घ्यावी. पायऱ्या किती, शौचालय कोठे, पाणी कोण भरते, दिवसा घरी कोण असते. शक्य असेल तेथे सोडल्यानंतर पंधरा दिवसांत तज्ज्ञाने गृहभेट द्यावी. परिसरातील एखाद्या सुताराला मधोमध छिद्र असलेली शौचासाठीची खुर्ची, मोरीतील धरावयाची दांडी आणि जाड मुठीची हत्यारे बनविण्याचे मोजमाप शिकवावे. शहरातून आणलेल्या साधनाचा स्क्रू निसटला की ते माळ्यावर जाते. गावच्या सुताराने केलेले साधन गावातच दुरुस्त होते.

आणि पुढील अहवालापासून कोष्टकात एक रकाना वाढवावा, 'तीन महिन्यांनंतर'. वर सांगितलेल्या पाच कारणांच्या रुग्णांपैकी किती जण स्वतः अंघोळ करतात, किती जण शौचाला एकटे जातात, किती जण पूर्वीचे किंवा दुसरे काही काम करू लागले, आणि कितींच्या घरात त्यांच्यासाठी कोणाची मजुरी वा शाळा सुटली, एवढेच त्यात असावे. ही माहिती दूरध्वनीवरून मिळेल, परंतु पूर्ण मिळणार नाही, कारण 'कसे आहात' असे विचारले की आपल्याकडे 'बरे आहे' असेच उत्तर येते. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस वाहन आणि एक प्रशिक्षित व्यक्ती लागेल. पहिल्या वर्षी हा रकाना बराचसा रिकामा राहील आणि जो भरेल त्यातील आकडे फारसे शोभिवंत नसतील. तरीही ते जसे असतील तसे छापावेत, अशी विनंती आहे.